चालण्याची नवी आशा आणि पुनर्वसनाची जुनी वाट

मज्जारज्जूला इजा झाली की गेलेले पाय परत येत नाहीत, या समजुतीला विज्ञानाने तडा दिला आहे. २०१८ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझानच्या ग्रेगोआर कुर्तीन व जोसेलिन ब्लोक यांच्या गटाने तीन रुग्णांच्या कण्यात इलेक्ट्रोड बसवून त्यांना आधाराने चालते केले. त्याच वर्षी अमेरिकेतील लुईव्हिल व मेयो क्लिनिक येथील गटांनीही असेच निष्कर्ष प्रसिद्ध केले. २०२३ मध्ये गर्ट-यान ओस्काम या डच रुग्णाच्या मेंदूचे संकेत थेट मज्जारज्जूपर्यंत पोहोचवण्यात आले. २०११ मध्ये सायकल अपघातात जायबंदी झालेले ओस्काम कुबड्यांच्या आधाराने चालू लागले.

यामागील तत्त्व समजून घेणे आवश्यक आहे. दुखापतीत मज्जारज्जू क्वचितच पूर्णपणे तुटतो. चालण्याची लय सांभाळणारे कमरेजवळचे चेताजाल इजेच्या खाली जिवंत, परंतु निद्रिस्त असते. विजेचे सौम्य स्पंद त्याला जागे करतात; मग मेंदूकडून येणारा क्षीण आदेशही ते ओळखते. वीज स्वतः चालवत नाही, ती उरलेल्या शक्तीला बळ देते. म्हणूनच या प्रत्येक यशामागे महिनोन्‌महिन्यांचा व्यायाम आहे.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. हे प्रयोग मोजक्या रुग्णांवर झाले. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने त्वचेवरून स्पंद देणाऱ्या एका उपकरणाला मान्यता दिली. मात्र ती हातांची ताकद व संवेदना सुधारण्यासाठी आहे, चालण्यासाठी नव्हे. त्या चाचणीतील ६० पैकी ७२ टक्के रुग्णांना लाभ झाला. हातपाय दोन्ही गमावलेल्या अनेकांना चालण्यापेक्षा हाताचीच निकड अधिक वाटते, हेही रुग्णांच्या पाहणीतून पूर्वीच दिसले आहे. अशा वेळी परदेशातील खासगी केंद्रांच्या महागड्या आश्वासनांपासून सावध राहिलेले बरे.

खरा प्रश्न त्याआधीचा आहे. मध्य प्रदेशात धारजवळच्या तिरला येथे जखमी झालेला मजूर असो वा सत्तरीत माडावरून कोसळलेला पाडेली, एकाला इंदूर गाठावे लागते, दुसऱ्याला बांबोळी. वाटेत मान किंवा कंबर वाकली, तर अर्धवट इजा पूर्ण होऊ शकते. पुढे शय्याव्रण, मूत्रमार्गाचा संसर्ग व आखडलेले सांधे शरीर इतके खचवतात की कोणतेही उपकरण त्याला उपयोगी पडत नाही.

पुनर्वसन काय साधते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झालेले सांगली जिल्ह्यातील जवान मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथे जलतरणात भारताला पहिले पॅरालिम्पिक सुवर्णपदक मिळवून दिले. त्यांच्या मदतीला विजेचे उपकरण नव्हते. होती ती शुश्रूषा, सराव आणि जिद्द. पुण्याजवळच्या खडकीचे पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र जायबंदी सैनिकांसाठी हाच वारसा चालवते.

हीच सोय नागरी रुग्णाला घराजवळ मिळायला हवी. गोव्यासारख्या लहान राज्यात अंतरे कमी असल्याने हे अशक्य नाही. रुग्णवाहिकेतील प्रशिक्षित हात, जिल्हा रुग्णालयातील फिजिओथेरपी आणि घरच्यांना दिलेले शुश्रूषेचे धडे यांवर आज खर्च झाला, तरच उद्या उपकरण दारी येईल तेव्हा त्याचा लाभ घेण्याजोगे शरीर शिल्लक असेल.