रेघेखालचा आकडा

देवळी तालुक्यातल्या एका तरुणानं गेल्या महिन्यात वडिलांचा अहवाल माझ्यापुढं ठेवला. पोटाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन वीस दिवस झाले होते. सगळं इंग्रजीत, पण एक आकडा त्याला कळला होता : गाठी ०/७. "शून्य हाय ना जी, म्हंजे बाबा सुटले?"

मला लगेच 'हो' म्हणता आलं नाही.

जठराभोवतीच्या चरबीत लसिकाग्रंथी, म्हणजेच या गाठी, असतात. कॅन्सर जठरातून बाहेर पडला की बहुधा आधी त्यांच्यात अडकतो. म्हणून रुग्ण पुढं किती वर्षं काढेल याचा अंदाज या गाठींवरून बांधतात. १-२ गाठींत कॅन्सर असेल तर पहिली पायरी, ३ ते ६ असतील तर दुसरी, ७ पासून तिसरी, आणि १६ किंवा जास्त निघाल्या तर त्याच तिसरीचा सर्वांत वाईट भाग. पण हे झाले रेघेवरचे आकडे. रेघेखाली, म्हणजे तपासलेल्या गाठी, किमान १६ हव्यात असं जगभर मानतात. सातच पाहिल्या तर आठवीत काय होतं, कोण सांगणार? ३/६ आणि ३/३० कागदावर एकाच पायरीवर बसतात. पहिल्याची अवस्था मात्र बहुधा जास्त गंभीर असते.

रेघेखालचा आकडा दोघांच्या हातात असतो. सर्जन जठरासोबत किती चरबी काढतो, हे एक. जपानी सर्जन दूरच्या गाठीही काढण्याचा आग्रह धरत आले. हॉलंडमध्ये रुग्णांचा १५ वर्षं पाठपुरावा झाला, २०१० साली निष्कर्ष आले : दूरच्या गाठीही काढलेल्या रुग्णांत कॅन्सरनं होणारे मृत्यू कमी, ऑपरेशनचा धोका मात्र जास्त. अशा ऑपरेशनला सरावलेला हात लागतो. दुसरा हात पॅथॉलॉजीतल्या डॉक्टरचा. फॉर्मलिनमधली चरबी बोटांनी चाचपत तो तुरीच्या दाण्याएवढ्या, कधी त्याहून बारीक गाठी शोधतो. कॅन्सर बारीक गाठीतही असतो. हे काम घाईचं नाही, आणि ते करणाऱ्याला रुग्णाचे नातेवाईक कधी भेटतही नाहीत.

आपल्याकडं तंबाखूच्या खर्ऱ्यामुळं तोंडाच्या कॅन्सरवर बोललं जातं, पोटाच्या कॅन्सरवर फारसं नाही. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत २०१० पासून जिल्ह्याची कॅन्सर नोंदणी चालते. कॅन्सर कुणाला होतो हे मोजायची सवय या जिल्ह्याला आहे. तशीच सवय प्रत्येक ऑपरेशननंतर गाठी मोजायची लागली पाहिजे. किती तपासल्या, कितींत कॅन्सर निघाला, हे घरच्यांना मराठीत दोन ओळींत लिहून द्यावं. १६ पेक्षा कमी तपासल्या असतील तर का, तेही लिहावं. एवढं मागणं जास्त नाही.

त्या मुलाला मी सांगितलं, हॉस्पिटलात जा, काढलेलं जठर अजून ठेवलंय का विचार. बरणी होती. आणखी अकरा गाठी मिळाल्या, त्यातल्या दोनमध्ये कॅन्सर. बाबांची केमो सोमवारपासून आहे.