कवला की मिकी माऊस?

सप्टेंबरात कासच्या पठारावर गेलात, तर पिवळ्या फुलावरचे दोन लाल ठिपके पाहून कोणीतरी हमखास ओरडते, ‘मिकी माऊस!’ मला हे खटकते. अहो, तो कवला! कवला म्हटले की पावसाळ्यातली रानभाजी आठवते. तेरडा म्हणताच गौरी डोळ्यांसमोर येतात, आणि ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हणही. मिकी माऊसमागून काय येते? मोबाईल फोटोवरून ‘स्मिथिया’ सांगतो. शास्त्राला तेही हवेच. पण नातवंडांना आधी कवला सांगावा. मग ओल्या गवतातली इवलीशी जांभळी सीतेची आसवं दाखवावीत. मातीतल्या बारीक पिशव्यांत सूक्ष्म जीव पकडून खाते ही वनस्पती! एवढे ऐकल्यावर मुले मिकी माऊस विसरतात.