डोळा लाल नाही, म्हणून बरा आहे?

मैत्रिणींनो, संधिवात म्हटलं की गुडघे धरून जिना चढणारी आजी आठवते. पण हा आजार तीन-चार वर्षांच्या पोरीलाही होतो, हे सांगितलं की बायका माझ्याकडे 'काहीतरीच काय!' अशा नजरेनं बघतात. सोळा वर्षांच्या आत सांधा सुजला, सूज सहा आठवडे हटली नाही आणि दुसरं कारण सापडलं नाही, तर तो बालसंधिवात असू शकतो. मूल सकाळी लंगडतं, दुपारी खेळायला लागतं. घरचे म्हणतात, 'पडली असेल.' निर्गुडीचा पाला बांधण्यात महिने निघून जातात.

गुडघ्याची सूज निदान दिसते तरी. खरा घात होतो डोळ्यांचा. यातल्या काही मुलांना डोळ्याच्या आत सूज येते. तिला युव्हिआयटिस म्हणतात. बहुतेकदा डोळा लाल होत नाही, दुखतही नाही. लहानग्याला अंधुक दिसतंय हे सांगताही येत नाही. एरवी दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं म्हणतात, हे मात्र मुंगीच्या पावलांनी येतं. दुर्लक्ष झालं तर मोतीबिंदू, काचबिंदू आणि शेवटी नजरच जाण्याची भीती. आजार फार लहानपणी सुरू झाला, मोजकेच सांधे सुजले आणि रक्ताची 'एएनए' चाचणी पॉझिटिव्ह आली, तर धोका जास्त. त्यात मुलींची संख्या मोठी.

म्हणून तक्त्यावरची अक्षरं वाचून घेणं पुरेसं नाही. नेत्रतज्ज्ञांकडे स्लिट लॅम्प नावाच्या यंत्रावर तपासणी हवी. धोका जास्त असेल तर दर तीन महिन्यांनी, तक्रार नसली तरी.

उपचार आहेत. आधी स्टिरॉइडचे थेंब. पण ते आपल्या मनानं चालू ठेवायचे नाहीत, त्यानंही डोळ्यातला दाब वाढतो. गरज पडल्यास मेथोट्रेक्सेट. हे औषध आठवड्यातून एकदाच असतं, रोज नाही! तो वार कालनिर्णयावर लिहून ठेवा. तेवढ्यानं भागलं नाही तर अ‍ॅडालिमुमॅबचं इंजेक्शन. मेथोट्रेक्सेटच्या जोडीला ते दिल्यास सूज जास्त चांगली आटोक्यात राहते, हे 2017 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या अभ्यासात दिसलं. त्याआधी क्षयरोगाची तपासणी मात्र करावीच लागते. खर्च जड जातो. सरकारी रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना मदतीच्या योजना विचारायला संकोच कसला?

संकोच असतो तो वेगळाच. 'पोरीची जात, बोभाटा नको, उद्या लग्न कसं जमायचं?' हे वाक्य मी कितीतरी घरांत ऐकलंय. सूज उतरली की औषध गुपचूप बंद होतं, तपासणीची तारीख टळते. अहो, वेळेवर उपचार झाले तर यातल्या बहुतेक मुलींची नजर टिकते, त्या शिकतात, संसार करतात. लपवून ठेवलेल्या आजाराची किंमत त्या पोरीलाच मोजावी लागते.

तुमच्या गल्लीत, अंगणवाडीत एखादं मूल सकाळी लंगडत असेल, तर त्याच्या आईशी दोन शब्द बोला. 'डोळे तपासलेस का गं?' एवढं नक्की विचारा.