सकाळचा सोफा निष्पाप नसतो : टीव्ही-एएमच्या स्टुडिओचा इतिहास

१/ सकाळच्या बातम्यांच्या स्टुडिओविषयी दोन मते नेहमी ठासून मांडली जातात. पहिले असे की सोफा आला आणि बातमी बिघडली. दुसरे असे की सोफा आला आणि बातमी सामान्य माणसाच्या घरी पोहोचली. दोन्ही मते चुकीची आहेत, कारण दोन्हींची नजर फर्निचरवरच अडकते. ब्रिटनमधील टीव्ही-एएम या कंपनीचा दहा वर्षांचा इतिहास दोन्हींना खोटे पाडतो. #थ्रेड

२/ आधी 'गंभीर सुवर्णकाळा'चा भ्रम पाहू. १४ जानेवारी १९५२ रोजी न्यू यॉर्कमध्ये एनबीसीचा 'टुडे' सुरू झाला. सेटवर जगातील शहरांच्या वेळा दाखवणारी घड्याळे, टेलिप्रिंटर आणि दूरध्वनी होते. सारा थाट वृत्तकचेरीचा. पण पुढच्याच वर्षी निवेदक डेव्ह गॅरोवे यांच्या जोडीला जे. फ्रेड मग्ज नावाचा चिंपँझी आला. कचेरीसारखा सेट म्हणजे गंभीर बातमी, हे समीकरण आरंभीच मोडले होते.

३/ या सेटला रस्त्याकडे उघडणारी मोठी काच होती. बाहेरचे पादचारी आत डोकावत आणि कॅमेरा त्यांना टिपत असे. पुढे 'टुडे' त्या काचेपासून दुरावला आणि १९९४ मध्ये रॉकफेलर प्लाझातील रस्त्यालगतच्या स्टुडिओत परतला. दरम्यान १९७५ मध्ये एबीसीने 'गुड मॉर्निंग अमेरिका'साठी दिवाणखाना निवडला आणि डेव्हिड हार्टमन या अभिनेत्याला यजमान केले. स्पर्धकाहून वेगळे दिसणे ही या बदलांमागची मोठी गरज होती. 'अधोगती'ची सरळ रेषा येथे सापडत नाही.

४/ आता ब्रिटन. १७ जानेवारी १९८३ रोजी बीबीसीचा 'ब्रेकफास्ट टाइम' सुरू झाला. लाल सोफा, स्वेटर घातलेले फ्रँक बाऊ, शेजारी सेलिना स्कॉट. बातम्यांच्या जोडीला व्यायाम आणि राशिभविष्य. भारदस्त बीबीसीकडून हे कोणालाच अपेक्षित नव्हते. दोनच आठवड्यांनी, १ फेब्रुवारीला, प्रतिस्पर्धी टीव्ही-एएम पडद्यावर आले.

५/ टीव्ही-एएमची इमारत हाच एक जाहीरनामा होता. लंडनच्या कॅमडन भागात, कालव्याकाठच्या एका जुन्या गॅरेजचे वास्तुकार टेरी फॅरेल यांनी रूपांतर केले. छपरावर उकडलेले अंडे ठेवण्याच्या एगकपांच्या प्रचंड प्रतिकृती बसवल्या. आतल्या दालनात पूर्वेकडून पश्चिमेकडे जाताना जपानी मंडप, मेसोपोटेमियाचा झिगुरात, भूमध्य प्रदेशातील बाग आणि अमेरिकी वाळवंट लागे. सूर्याचा प्रवासच जणू वास्तूत उतरवला होता.

६/ ध्येयही तितकेच उंच होते. कंपनीचे प्रमुख पीटर जे हे पूर्वी अमेरिकेत ब्रिटनचे राजदूत होते. बातमी सांगण्यापुरते न थांबता ती उलगडून दाखवावी, असा त्यांचा आग्रह होता. डेव्हिड फ्रॉस्ट, अँजेला रिपन, ॲना फोर्ड, मायकेल पार्किन्सन, रॉबर्ट की अशी नामवंत मंडळी सोबत होती. सोफे येथेही होतेच. तरीही प्रेक्षक बीबीसीकडे गेला.

७/ येथे पहिले मत कोसळते. सोफ्याने बातमी 'स्वस्त' झाली म्हणावे, तर सोफ्यावर बसूनच गांभीर्याची शपथ घेणारी कंपनी का बुडू लागली? प्रेक्षक कमी होते, हे एक कारण. दुसरे असे की अभिनेत्यांची संघटना आणि जाहिरात संस्था यांच्यातील मानधनाच्या वादामुळे पुरेशा जाहिरातीच मिळेनात. सोफा जागच्या जागी होता; तिजोरी मात्र रिकामी होत होती.

८/ मार्चमध्ये जे पायउतार झाले. रिपन आणि फोर्ड यांना काढण्यात आले. प्रेक्षक परतू लागले ते रोलंड रॅट या बाहुल्यामुळे, कारण शाळांच्या सुटीत मुले टीव्हीसमोर बसत. बुडत्या जहाजाला उंदराने वाचवले, हा विनोद तेव्हाचाच. पण विनोदावर थांबू नये. जाहिरातदाराला हवा तो प्रेक्षक मिळाला, की 'ध्येय' किती झटकन बदलते, हे त्यातून दिसते.

९/ आता दुसरे मत : सोफा म्हणजे लोकाभिमुखता. १२ ऑक्टोबर १९८४ च्या पहाटे ब्रायटनच्या ग्रँड हॉटेलात आयआरएचा बॉम्ब फुटला. पंतप्रधान मार्गारेट थॅचर तेथेच मुक्कामी होत्या. बीबीसीने ढिगाऱ्यातून माणसे बाहेर काढली जातानाची दृश्ये दाखवली. टीव्ही-एएमची भिस्त मुख्यतः बातमीदाराच्या दूरध्वनीवर राहिली. एगकपांना पैसे होते. संकटाच्या सकाळी प्रेक्षकाला देण्यासाठी पुरेशी चित्रे नव्हती.

१०/ खरी कसोटी १९८७ ची. तोवर सूत्रे ऑस्ट्रेलियाहून आलेले ब्रूस जिंजेल यांच्या हाती होती. त्यांना पडद्यावर ऊन हवे होते. गुलाबी छटा, फिकट प्रसन्न रंग, हसरे चेहरे. २३ नोव्हेंबरला तंत्रज्ञांनी एका दिवसाचा संप केला. व्यवस्थापनाने टाळेबंदी करून त्यांना परत आत घेतलेच नाही.

११/ मग कॅमेरे कोणी चालवले? व्यवस्थापकांनी आणि कचेरीतील कर्मचाऱ्यांनी. स्वतः जिंजेल दिग्दर्शनाला बसले. 'बॅटमॅन'सारख्या जुन्या अमेरिकी मालिकांनी वेळ भरून काढला. फेब्रुवारी १९८८ मध्ये २२९ तंत्रज्ञांना बडतर्फ करण्यात आले. पडद्यावर तांत्रिक चुका दिसत राहिल्या, पण सोफा तोच, ऊन तेच, हसूही तेच. प्रेक्षकांनीही पाठ फिरवली नाही.

१२/ दुसऱ्या मताचा फोलपणा येथे उघड होतो. घरगुती सेट 'आम्ही तुमच्यातलेच' असे सांगतो. पण घरात जसे काहींचे काम कोणाच्या नजरेत भरत नाही, तसेच येथेही घडते. रोज तेच दिसणे हे सेटचे काम. त्यामुळे कॅमेऱ्यामागून २२९ माणसे नाहीशी झाली, तरी खोली भरलेलीच भासते. तंत्रज्ञांच्या सगळ्या मागण्या रास्त होत्या की नाही, हा वाद वेगळा. त्यांची अनुपस्थिती झाकली गेली, हे मात्र वादातीत आहे.

१३/ शेवट उपरोधिक आहे. संघटनांना नमवणारे टीव्ही-एएम थॅचर सरकारचे लाडके ठरले होते. पण त्याच सरकारच्या १९९० च्या प्रसारण कायद्याने परवाने लिलावात काढले. १९९१ मध्ये टीव्ही-एएमने वर्षाला सुमारे १ कोटी ४१ लाख पौंडांची बोली लावली, सनराइजने सुमारे ३ कोटी ४६ लाखांची. ३१ डिसेंबर १९९२ रोजी टीव्ही-एएमचे प्रसारण थांबले. थॅचर यांनी जिंजेल यांना खेदाचे पत्र पाठवले. सनराइजने जीएमटीव्ही हे नाव घेतले. उन्हाचे रंग आणि सोफे पडद्यावर राहिलेच.

१४/ बीबीसीने १९८६ मध्ये सोफा हटवून टेबल आणले, १९८९ मध्ये 'ब्रेकफास्ट न्यूज' हा औपचारिक कार्यक्रम सुरू केला आणि २००० मध्ये पुन्हा सोफ्यावर बसली. म्हणून इतिहासाच्या विद्यार्थ्याने स्टुडिओ हा दस्तऐवज म्हणून वाचावा, पण एकटा वाचू नये. परवान्याच्या अटी, जाहिरातीचे दर आणि हजेरीपट शेजारी ठेवावेत. नुसत्या सोफ्यावरून पत्रकारितेचा निवाडा करणे म्हणजे दर्शनी भिंतीचा रंग पाहून घरात कोण उपाशी आहे ते सांगणे होय.