मोरीत डोकावणारी दुर्बीण

बंगळूरच्या उत्तरेस वसलेले येलहंका हे बंगळूरपेक्षाही जुने. येथील नाडप्रभू केंपेगौडा यांनीच सोळाव्या शतकात बंगळूरची पेठ वसविली. आज त्या नगराने वाढत वाढत येलहंक्यासच पोटात घेतले आहे. जुनी वस्ती, गृहमंडळाने आखलेले न्यू टाउन आणि अलीकडची बहुमजली संकुले अशी तिन्ही काळांतील घरे येथे शेजारी शेजारी उभी दिसतात. मोरी हा शब्द कन्नड आणि मराठी या दोन्ही भाषांत चालतो, आणि मोरीविषयीची उदासीनताही दोहोंकडे सारखीच. घरात पाणी कोठून येते हे प्रत्येकास ठाऊक असते. ते कोणत्या वाटेने बाहेर जाते, हे विचारावयास जावे तर घरधनी सहसा अंगणाकडे मोघम बोट दाखवितो.

मोरी तुंबली म्हणजे उपचारांचा क्रम ठरलेला असतो. प्रथम वेळूची काठी, मग बाटलीतील तेजाब, त्यानेही न भागल्यास फरशीवर छिन्नी-हातोडा, आणि अखेरीस एखादा गरजू मनुष्य. यांपैकी कोणताही उपाय योजण्यापूर्वी नळीच्या आत नेमके काय झाले आहे, हे पाहिले पाहिजे. आता ते सामान्य कुटुंबास शक्य झाले असल्याने न पाहण्यास सबब उरलेली नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ज्या उपकरणामुळे हे शक्य झाले, त्याचे कूळ वैद्यकातले आहे. रुग्णालयात जठराची अशी तपासणी झाली, की आपले लोक ‘दुर्बीण घातली’ असे म्हणतात. दूरचे पाहणारी ती दुर्बीण, हा मूळ अर्थ येथे लागू पडत नाही. तरी शब्द रुळला आहे, आणि अनुवादकाने रुळलेल्या शब्दाशी भांडू नये. काचेच्या केसासारख्या तंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा वाहून नेता येते, हे हॅरल्ड हॉपकिन्स आणि पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी १९५४ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. तंतूच्या एका टोकास शिरलेला प्रकाश त्याच्या भिंतींवर पुनःपुन्हा पूर्णपणे परावर्तित होत दुसऱ्या टोकास पोहोचतो, हे त्यामागील तत्त्व. आज बाजारात मिळणाऱ्या स्वस्त कॅमेऱ्यात मात्र प्रतिमा वाहणारे तंतू नसतात. भ्रमणध्वनीत असते तशीच प्रकाशसंवेदी चकती, अगदी चिमुकली, तारेच्या टोकाशीच बसविलेली असते. तिच्याभोवती बहुधा सहा लहान दिवे असतात, आणि चित्र विद्युत्संकेतांच्या रूपाने तारेतून भ्रमणध्वनीच्या पडद्यावर येते. टोकाची जाडी साडेपाच ते आठ मिलिमीटर, तारेची लांबी पाच किंवा दहा मीटर. असे साधे उपकरण एक-दोन हजार रुपयांत मिळते; फरशी उखडून पुन्हा बसविण्याचा खर्च ज्याने एकदा केला आहे, त्यास या रकमेची तुलना वेगळी सांगावयास नको.

उपकरण स्वस्त असले तरी ते वापरण्यास थोडी समज लागते. मोरीच्या जाळीखाली वाकडी नळी असते. तिच्यात थोडे पाणी सदैव साठून राहते व गटारातील दुर्गंधीस घरात येऊ देत नाही. कारागीर तिला ट्रॅप म्हणतात. या वळणातून कॅमेरा बहुधा पुढे सरकत नाही, आणि जोर केल्यास अडकून बसतो. म्हणून तो बाहेरील चेंबरचे झाकण काढून, घराच्या दिशेने उलट सरकवावा. तारेवर अर्ध्या-अर्ध्या मीटरवर रंगीत चिकटपट्टीची खूण करून ठेवावी. दोष दिसला त्या क्षणी खुणा मोजल्या, की तो चेंबरपासून किती अंतरावर आहे हे कळते, आणि फोडायचीच वेळ आली तर एकच फरशी फोडावी लागते. नळी पाण्याने भरलेली असताना पाहू नये. गढुळात काहीच दिसत नाही, आणि भिंगावर तेलकट थर बसतो तो वेगळा. तेजाब ओतलेल्या नळीत तर कॅमेरा घालूच नये.

काय दिसते? स्वयंपाकघराच्या नळीत थिजलेल्या तेला-तुपाचा पांढुरका थर. न्हाणीघराकडून आलेल्या नळीत केसांचा पुंजका. जुन्या मातीच्या नळ्यांच्या सांध्यांतून आत उतरलेली झाडाची बारीक मुळे. यांहून बोधप्रद असते ते साचलेल्या पाण्याचे स्थिर डबके. चार इंची नळीस चाळीस फुटांत एक फूट उतार असावा, असा जुना ठोकताळा आहे. तेवढ्या उताराने पाणी मळ बरोबर घेऊन जाण्याइतक्या वेगाने वाहते. भराव खचून नळी मध्येच वाकली, की तेथे पाणी थांबते आणि मळ खाली बसतो. अशा ठिकाणी महिन्या-महिन्यास तेजाब ओतणे म्हणजे पाय मुरगळलेल्यास डोकेदुखीची मात्रा देणे होय. शिवाय तेच तेजाब ब्लीचिंग पावडरशी मिसळल्यास क्लोरीन हा विषारी वायू सुटतो, ही गोष्ट शाळेतील रसायनशास्त्राच्या पुस्तकातून स्वयंपाकघरापर्यंत अद्याप पुरेशी आलेली नाही.

अनुभवी कारागिराचा हात कॅमेऱ्याहून शहाणा, असा एक आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. पडद्यावरचे चित्र उलटसुलट फिरत असते, लहान खडा शिळेएवढा भासतो, आणि नवखा मनुष्य सांध्याच्या सावलीलाच तडा समजतो. पण कॅमेरा कारागिराच्या जागी आणावा असे आम्ही म्हणतच नाही. तो त्याच्या हाती द्यावा, आणि घरधन्याने शेजारी उभे राहून तेच चित्र पाहावे. दोघांनी एकच गोष्ट पाहिली, की मजुरीचा वादही निम्मा मिटतो.

कॅमेऱ्याची एक मर्यादा मात्र जिवाशी निगडित आहे. त्यास वास येत नाही. सांडपाण्याच्या बंद जागेत हायड्रोजन सल्फाइड साठतो. तो हवेपेक्षा जड असल्याने तळाशी राहतो, आणि त्याचे प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. दुर्गंधी थांबली म्हणजे धोका टळला असे वाटते, ते नेमके उलट असते. म्हणून पडद्यावर चेंबर रिकामे दिसले तरी त्यात डोके घालू नये, आणि दुसऱ्या कोणास उतरवू तर मुळीच नये. गटार किंवा मैल्याची टाकी साफ करण्याच्या धोकादायक कामास मनुष्य लावण्यास २०१३ च्या कायद्याने मनाई केली आहे. ती केवळ नगरसंस्थेस नव्हे, खासगी व्यक्तीसही लागू आहे, आणि पहिल्याच अपराधास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गटारात मृत्यू आल्यास तीस लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितले. तरीही अशा मृत्यूंच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. आत काय आहे हे कोणी पाहिलेले नसते. मग ते पाहण्यासाठीही माणूसच उतरविला जातो. एक-दोन हजारांच्या तारेने निदान हे कारण तरी नाहीसे होते.

आपल्या मळाकडे आपणच पाहण्यात कमीपणा कसला? रत्नागिरीच्या तुरुंगात मैलासफाईचे काम आपणांस करू द्यावे, म्हणून अप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ साली उपोषण केले, आणि येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनी त्यांना उपवासाने साथ दिली. आजच्या गृहस्थाकडून तर केवळ पडद्याकडे पाहण्याची अपेक्षा आहे!

या उपकरणाकडून भलत्या आशा मात्र धरू नयेत. नोव्हेंबर २०२१ आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये येलहंक्यातील केंद्रीय विहार या संकुलात पुराचे पाणी शिरले, आणि रहिवाशांना होड्यांतून बाहेर काढावे लागले. तलावांना जोडणारे मोठे नाले जेथे अपुरे पडतात, तेथे घरगुती कॅमेरा काय करणार? तो प्रश्न नगररचनेचा आहे. परंतु गच्चीवरील पावसाच्या पाण्याची नळी कोणी गुपचूप मैल्याच्या नळीस जोडली असेल, तर ते या कॅमेऱ्याने खचित उघडकीस येते. अशा जोडण्यांमुळे मुसळधार पावसात मैलापाणी तळमजल्याच्या मोऱ्यांतून उलटे वर येते.

प्रत्येक घराने असा कॅमेरा विकत घ्यावा, हे आम्हांस पटत नाही. वर्षातून दोनदा लागणारी वस्तू दहा वर्षे फडताळात पडून राहील. गृहसंस्थेने, किंवा शक्य असेल तेथे सार्वजनिक वाचनालयाने, एक कॅमेरा ठेवून तो पुस्तकाप्रमाणे नोंद करून द्यावा. सोबत रबरी हातमोजे व साबण असावा. बंगळूरास पावसाचा जोर बहुधा सप्टेंबर-ऑक्टोबरात अधिक असतो. तेव्हा तपासणी मे महिन्यात एकदा व ऑगस्टात एकदा करावी. पाहिलेल्या नळ्यांचा नकाशा, अंतरे व तारीख एका वहीत लिहावी, आणि घर विकताना ती वही किल्ल्यांबरोबर नव्या धन्याच्या हाती द्यावी.