कर दिसू द्या!

मोबाइलच्या पडद्यावर बोट ठेवून घरबसल्या खरेदी करण्याची सवय आता पुण्या-मुंबईतच नव्हे, तर तालुक्याच्या गावीही रुजली आहे. या खरेदीवरील कराविषयी मात्र सुशिक्षितांच्या मनातही दोन परस्परविरोधी समजुती नांदत असतात. काहींस वाटते की असा माल कर चुकवून येतो म्हणूनच तो स्वस्त असतो. तर काहींची खात्री असते की सरकारने या खरेदीवर काही जादा कर बसविलेला आहे. दोन्ही समजुती निराधार आहेत. लक्ष्मी रस्त्यावरील दुकानातून घेतलेली वस्तू आणि तीच ऑनलाइन मागविलेली वस्तू, यांवर वस्तू व सेवा कराचा दर एकच असतो. तेव्हा ग्राहकाचे नुकसान होते ते कराच्या दरात भेद असल्यामुळे नव्हे. ते होते कर त्याच्या दृष्टीआड ठेवला जातो यामुळे, आणि आमचा आक्षेप आहे तो यालाच.

दर एकच असणे ही गोष्टही सहजासहजी साधलेली नाही. परराज्यातून मागविलेल्या मालावर कर कोणी घ्यावयाचा हा वाद आपल्या राज्यघटनेइतकाच जुना आहे. १९५३ साली मुंबई राज्य विरुद्ध युनायटेड मोटर्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, माल उपभोगासाठी ज्या राज्यात पोहोचतो त्या राज्यास कर घेता येईल असा निर्णय दिला. आणि दोनच वर्षांनी बेंगॉल इम्युनिटी कंपनीच्या खटल्यात तो स्वतःच फिरविला. पुढे १९५६ साली घटनेची सहावी दुरुस्ती झाली, केंद्रीय विक्रीकराचा कायदा आला आणि आंतरराज्य विक्रीवरील कर माल जेथून निघाला त्या राज्याच्या पदरात पडू लागला. टपालाने पुस्तके नि औषधे मागविण्याच्या काळात सामान्य गिऱ्हाइकास याची फारशी झळ लागली नाही. परंतु भिवंडीच्या गोदामांतून दूरदूरच्या शहरांकडे माल धावू लागला, तेव्हा माल वापरणाऱ्या राज्यांची तिजोरी कोरडी राहू लागली. २०१५-१६ च्या सुमारास उत्तराखंड, गुजरात आदी राज्यांनी ऑनलाइन मागविलेल्या मालावर प्रवेशकर लावण्याचा मार्ग धरला, तो त्यामुळेच. राज्ये आपसात भांडत होती आणि दंड भरत होता तो ग्राहक.

१ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कराने हा तंटा मिटविला, हे श्रेय त्या कराला दिलेच पाहिजे. आज पुण्याच्या ग्राहकाने भिवंडीहून माल मागविला तर केंद्राचा निम्मा व राज्याचा निम्मा असा कर लागतो. गुरुग्रामहून मागविला तर त्याऐवजी एकात्मिक कर लागतो. दोहोंची बेरीज तीच, आणि दोन्ही वेळा राज्याचा वाटा महाराष्ट्रालाच मिळतो. अमेरिकेतील राज्यांना अशा दूरच्या विक्रेत्यांकडून कर घेण्याचा अधिकार मिळावयास २०१८ साल उजाडावे लागले. त्या वर्षी साउथ डाकोटा विरुद्ध वेफेअर या खटल्याचा निकाल लागेतो, ज्या विक्रेत्याचे राज्यात दुकान वा गोदाम नाही त्याच्यावर कर गोळा करण्याची सक्ती त्या राज्यास करता येत नव्हती. कर ग्राहकाने आपण होऊन भरावा अशी अपेक्षा असे. ती कितपत पुरी होत असेल याची कल्पना वाचकांनी करावी! मात्र एका बाबतीत अमेरिकन गिऱ्हाईक आपल्याहून भाग्यवान आहे. किंमत निराळी, कर निराळा, असे दोन आकडे पैसे देण्यापूर्वीच त्याच्या डोळ्यांसमोर येतात.

आपल्याकडे वेष्टनावरील कमाल किंमत सर्व करांसह छापण्याचा दंडक आहे, आणि तो योग्यच आहे. एके काळी ‘स्थानिक कर निराळे’ असे छापून मनाला येईल ती रक्कम उकळणारे दुकानदार ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हा दंडक का करावा लागला हे सांगावयास नको. पण त्याचा उलट परिणाम असा झाला की आपण कर किती देतो याचा हिशेबच मध्यमवर्गीय माणूस विसरला. अठरा टक्के कराची वस्तू ११८० रुपयांस घेतली तर तीत कर किती, असे विचारले असता अनेक पदवीधर ११८० चे अठरा टक्के काढावयास बसतात आणि २१२ रुपये सांगतात. खरे उत्तर १८० आहे. शाळेतील त्रैराशिकाचा हा विसर क्षम्य मानला, तरी ज्या व्यवहारात तो आकडा यंत्रास क्षणात मांडता येतो, तेथे तो गिऱ्हाइकाने तोंडी का काढावा?

हे अज्ञान महागात कसे पडते, याचे उदाहरण तयार कपड्यांचे घेऊ. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या नगावर पाच टक्के, आणि त्यापुढे अठरा टक्के असा दर आहे. करापूर्वीची किंमत २५०० असेल तर कपडा २६२५ रुपयांस पडतो. ती २५०१ झाली की २९५१ रुपयांस. एका रुपयाच्या फरकाने सव्वातीनशे रुपयांचा भुर्दंड! आता सवलतीचा खेळ पाहा. करापूर्वी २८०० रुपये किंमत असलेल्या कोटावर विक्रेत्याने स्वतः ३०० रुपये कमी केले तर किंमत २५०० वर येते, दर पाच टक्के होतो आणि ग्राहक २६२५ रुपये देतो. तेच ३०० रुपये एखाद्या बँकेने आपल्या कार्डावर दिले, तर विक्रेत्याची किंमत २८०० च राहते. कर अठरा टक्क्यांनी लागून ३३०४ रुपये होतात, आणि सूट वजा जाता ३००४ उरतात. सवलत दोन्हीकडे तीनशेचीच, पण ग्राहकाच्या खिशाला फरक ३७९ रुपयांचा. पडद्यावर मात्र दोन्ही ठिकाणी ‘३०० रुपये सूट’ एवढीच अक्षरे झळकतात. कराची ओळ शेजारी असती, तर हा भेद दहावीच्या विद्यार्थ्याच्याही ध्यानात आला असता.

खाद्यपदार्थांच्या मागणीत ही लपवाछपवी अधिकच वाढते. उपाहारगृहाच्या पदार्थांवरील पाच टक्के कर १ जानेवारी २०२२ पासून ॲपवाल्या कंपनीनेच भरावयाचा असतो. कंपनी स्वतःचा म्हणून जो आकार घेते त्यावर अठरा टक्के. आणि सप्टेंबर २०२५ पासून घरपोच आणून देण्याच्या सेवेवरही ॲपमार्फत अठरा टक्के. समजा, ३०० रुपयांचे जेवण, १० रुपये कंपनीचा आकार आणि ४० रुपये पोचवणावळ आहे. कर होतो १५, १ रुपया ८० पैसे आणि ७ रुपये २० पैसे, म्हणजे एकूण २४ रुपये. पण कित्येकदा ग्राहकास दिसते ते ‘कर व इतर आकार ३४ रुपये’. दहा रुपये कंपनीच्या गल्ल्यात गेले, चोवीस सरकारजमा झाले. शिव्याशाप मात्र चौतीस रुपयांचे सरकारच्या वाट्यास येतात. व्यापारी आपला आकार कराच्या पदराआड लपवीत असेल, तर त्यात सरकारचीही अप्रतिष्ठा आहे, हे अर्थखात्याच्या लक्षात कसे येत नाही?

याहून गंभीर प्रश्न दरकपातीचा आहे. २२ सप्टेंबर २०२५ रोजी टूथपेस्ट, केसांचे तेल, शाम्पू यांवरील कर अठरावरून पाच टक्क्यांवर आला. बत्तीस इंचांहून मोठे टीव्ही संच व वातानुकूलन यंत्रे अठ्ठावीसवरून अठरावर आली. हिशेबाने ११८ रुपयांची वस्तू १०५ ला, आणि ३८,४०० रुपयांचा टीव्ही ३५,४०० ला मिळावयास हवा. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जुनी छापील किंमत आणि नवी किंमत ताडून पाहता येते. ऑनलाइन दुकानात किंमत सकाळी एक, रात्री दुसरी. तीवर काट मारलेली तथाकथित मूळ किंमत तिसरीच. अशा हलत्या वाळूवर तीन हजारांची कपात ग्राहकापर्यंत पोहोचली, की मूळ किंमतच हळूच वर सरकविण्यात आली, हे कोणी कसे ओळखावे? ओळखण्याचा उपाय एकच: करापूर्वीची किंमत निराळी दाखविणे. ती स्थिर राहिली तर कपात पोहोचली. ती वाढली तर वाढविणाऱ्याने कारण सांगावे.

कपातीचा लाभ न देणाऱ्यास जाब विचारणारी नफेखोरीविरोधी यंत्रणा २०१७ साली निर्माण करण्यात आली होती. तिचे काम २०२२ च्या डिसेंबरात स्पर्धा आयोगाकडे गेले, आणि १ एप्रिल २०२५ पासून नव्या तक्रारी घेणेच बंद झाले. म्हणजे एवढी मोठी दरकपात आली ती पहारेकऱ्यास घरी पाठविल्यावर साडेपाच महिन्यांनी! सरकारने १९१५ या ग्राहक साहाय्य क्रमांकावर या तक्रारींची सोय केली, हे ठीकच झाले. पण तक्रार नोंदविणे आणि दोषी विक्रेत्याकडून पैसे परत मिळविणे यांत महदंतर आहे.

कर निराळा दाखविला तर विक्रेते कराविना किंमत मोठ्या अक्षरांत लावून गिऱ्हाइकास भुलवतील, असा एक आक्षेप घेतला जातो. तो खोटा नाही. पण त्यावरचे उत्तर सरकारनेच २०२० च्या जुलैत लिहून ठेवले आहे. त्या साली केलेल्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांत असे सांगितले आहे की विक्रेत्याने एकूण किंमत एका आकड्यात द्यावी आणि तिच्याबरोबरच पोचवणावळ, हाताळणीचा आकार व लागू होणारा कर यांची फोडही द्यावी, म्हणजे ती खरेदीच्या जागीच दाखविता येईल. एक आकडा भुलवणुकीपासून वाचविण्यासाठी, फोड हिशेबासाठी. याहून अधिक आम्ही काही मागत नाही! आज ती फोड बहुधा मिळते ती पैसे दिल्यानंतर, ई-पत्राने आलेल्या पावतीत. आणि ती पावती उघडून पाहणारे गिऱ्हाईक विरळा. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या मांडणीच्या तेरा प्रकारांची यादी जाहीर केली, तीत किंमत थेंबाथेंबाने उघड करण्याचा प्रकारही आहे.

नियम आहे, यादी आहे, प्राधिकरणही आहे. नवा कायदा करावयास नको, संसदेची संमती नको, कररूपाने येणारा एक पैसाही सोडावयास नको. पैसे देण्याच्या बटणाआधी करापूर्वीची किंमत, कंपनीचे आकार आणि कर अशा तीन निरनिराळ्या ओळी दिसल्या पाहिजेत, एवढा आदेश प्राधिकरणाने मोठ्या कंपन्यांस मुदत घालून द्यावा. स्वतःहून दखल घेऊन चौकशी करण्याचा अधिकार २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने त्यास दिलेला आहे. कोणा ग्राहकाच्या तक्रारीची वाट पाहत बसण्याचे त्यास कारण नाही.