आधी खर्च मोजा, मग निविदा काढा



बोरिवलीचे भगवती आणि मुलुंडचे एम. टी. अगरवाल ही मुंबई महापालिकेची रुग्णालये खासगी भागीदारीत चालवायला देण्याच्या हालचालींवरून उपनगरांत दोन तट पडले आहेत. पालिकेला हा पसारा झेपत नाही, असे एक बाजू म्हणते. गरिबांचे दवाखाने विकायला काढलेत, असे दुसरी. माझा कल दुसरीकडे आहे. पण एका बाळंतपणाला, एका डायलिसिसला किंवा अतिदक्षता विभागातल्या एका दिवसाला पालिकेचा नेमका किती खर्च होतो, हा आकडा या वादात कुठेच येत नाही. अर्थसंकल्पात पगार, औषधे, वीज, दुरुस्ती अशी खाती दिसतात. त्यांच्या बेरजेला खाटांनी भागून सरासरी काढता येईल, पण त्या हिशेबात हर्नियाचा रुग्ण आणि व्हेंटिलेटरवरचा रुग्ण एकाच भावाचे ठरतात.

यावर उपाय म्हणजे खर्च खात्यानुसार न मांडता कामानुसार मांडणे. हिशेबनीस याला ॲक्टिव्हिटी-बेस्ड कॉस्टिंग म्हणतात. डायलिसिसचेच घ्या. रुग्ण साधारण चार तास मशिनवर असतो, पण तंत्रज्ञाचे काम त्याआधी सुरू होते: नळ्या जोडून त्यांतली हवा काढणे, रुग्णाचे वजन, सुई लावणे, नंतर मशिनचे निर्जंतुकीकरण. मिनिटाला अर्धा लिटर या नेहमीच्या वेगाने चार तासांत १२० लिटर द्रव लागतो, म्हणजे त्यासाठी पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ संयंत्राचा खर्चही यातच आला. हिपॅटायटिस बी झालेल्यासाठी मशिन वेगळे ठेवावे लागते. ते दिवसातले काही तास रिकामे राहिले तरी त्याचा भार कुणावर तरी पडतोच. ही मोजणी केली नाही, तर कंत्राटदार सांगेल तो दर स्वस्त की महाग हे पालिकेचा अधिकारी कशावरून ठरवणार?

सरसकट दराने काय होते, ते करोनात दिसले. राज्य सरकारच्या २१ मे २०२० च्या अधिसूचनेने खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांसाठी रोजचे दर बांधून दिले: विलगीकरणाला ४,००० रुपये, व्हेंटिलेटरशिवाय अतिदक्षता ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. हेतू चांगलाच होता आणि अनेकांची लूट त्याने थांबलीही. पण पीपीई किट दराबाहेर राहिले आणि बिले नेमकी तिथेच फुगू लागली. एक परिचारिका एका किटमध्ये किती रुग्ण पाहते, हे ठरलेलेच नसेल तर प्रत्येकाच्या बिलात पूर्ण किट लावायला कोण अडवणार? शेवटी पालिकेला खासगी रुग्णालयांत लेखापरीक्षक नेमावे लागले. भागीदारीच्या करारातही अशाच फटी राहतील. शिवाय ज्या उपचाराचा दर खर्चापेक्षा जास्त, त्याला रांग लागेल आणि ज्याचा कमी, त्याला ‘खाट शिल्लक नाही’ हे उत्तर मिळेल.

आक्षेप मला ठाऊक आहेत. आधीच दमलेल्या परिचारिकांनी आता घड्याळ लावून तक्ते भरायचे का, हा पहिला आणि रास्त. पण त्याची गरज नाही. रॉबर्ट कॅप्लन आणि मायकेल पोर्टर यांनी २०११ मध्ये रुग्णालयांसाठी सुचवलेल्या पद्धतीत दोनच गोष्टी लागतात: काम करणाऱ्या माणसाच्या किंवा यंत्राच्या एका मिनिटाची किंमत आणि त्या कामाला लागणारी मिनिटे. मिनिटांचा अंदाज नमुना पाहणीतून मिळतो. आपल्याकडे हे जमणार नाही, हा दुसरा आक्षेप; पण पंतप्रधान जनआरोग्य योजनेचे दर सुधारताना चंडीगडच्या पीजीआयच्या पुढाकाराने झालेल्या देशव्यापी खर्च-अभ्यासाचा आधार घेतलाच गेला होता. तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर: खर्च कळला की तो रुग्णाकडून वसूल करण्याचा मोह होईल. मोह होईल हे खरे. मात्र खर्च किती आणि रुग्णाने किती द्यायचे, हे दोन निर्णय वेगळे आहेत. दुसरा लोकप्रतिनिधींनी उघडपणे घ्यावा, आणि तो शून्य ठरला तरी पहिला आकडा लागेलच. अनुदान किती द्यायचे ते त्याशिवाय कसे ठरणार?

म्हणून माझी मागणी मर्यादित आहे. घाटकोपरचे राजावाडी रुग्णालय पालिका स्वतः चालवते. तिथे डायलिसिस, सिझेरियन, हाडाची शस्त्रक्रिया आणि अतिदक्षता या चारच सेवांचा कामानुसार खर्च काढून तो संकेतस्थळावर टाकावा, आणि तोवर एकाही रुग्णालयाच्या करारावर सही करू नये.

– एक वाचक, मुलुंड (पूर्व)